ब तुकडीचे कांदे

मधल्या सुट्टीत सुखदा उठली आणि सरळ गुरुदत्त सरांच्या टेबलाशी गेली. कासारवाडीच्या त्या शाळेत एवढं चालणंही सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. शिक्षकांच्या खोलीत चहाचे दोन थर्मास होते, खिडकीपाशी पद्मा मॅडमचा आणि दारापाशी गुरुदत्त सरांचा. रुजू झाली त्या दिवशी बिचारीने समोर आलेला कप घेतला. तो खिडकीकडचा निघाला. तेव्हापासून ती खिडकीवाल्यांची.

"सर, प्रयोगशाळेची किल्ली हवी होती. उद्या प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि माझ्या नववी ब ने अजून मायक्रोस्कोप पाहिलेला नाही. महिनाभर मागतेय मी."

गुरुदत्त सरांनी बिस्कीट चहात बुडवलं. "तुमच्या पद्मा मॅडम आमच्या अ तुकडीला प्रोजेक्टर देतात का? मग आधी त्यांना विचारा."

"सर, मुलं घरून कांदे घेऊन आलीत. पापुद्र्यातल्या पेशी बघायला."

"मग भजी करा," सर म्हणाले. दारापाशी सगळे खो खो हसले.

सुखदा खिडकीकडे वळली. "मॅडम, एक दिवस प्रोजेक्टर देऊन टाकू या ना. किल्ली तरी मिळेल."

"मुळीच नाही. आपण का नमायचं?" पद्मा मॅडम म्हणाल्या. "आणि ब तुकडी मुळातच कच्ची. एकदा बघून काय दिवे लावणार आहेत?"

दोन्ही थर्मास उचलून रस्त्यावर भिरकावावेत, असं सुखदाला वाटलं. चीड याचीच होती की दोघंही वर्गात जीव ओतून शिकवायची. घंटा झाली आणि सगळे आपापले खडू घेऊन निघाले.

नववी ब च्या वर्गात कांद्याचा उग्र वास भरला होता. मुलं बूट घालून रांगेत तयार उभी होती.

"बसा खाली," सुखदा म्हणाली. "चित्र उतरवून घ्या. पेशी अशा दिसतात."

तिने फळ्यावर विटांसारख्या चौकटी काढायला सुरुवात केली. मुकाट्याने वह्या उघडल्या गेल्या. मग पुढच्या बाकावरची खुशनुमा उभी राहिली.

"मॅडम, अ वाल्यांना दोनदा नेलं प्रयोगशाळेत. आम्ही ढ आहोत म्हणून नाही नेत ना?" ती म्हणाली. "खरं सांगा. आम्हाला राग नाही येणार."