बुवांचा माईक

या मायबाप, असे खांबाला टेकून लांब बसू नका, पुढं सरका. झरी गावच्या काल्याची गोष्ट सांगायचीय. छोटीच आहे, पण तिला जवळचा कान लागतो.

सकाळचे अकरा वाजून गेले होते. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म बारा वाजता बंद होणार होता, आणि निलमच्या कीबोर्डला नेमकी दातखीळ बसली होती. ‘मयूरी’ लिहावं तर निम्मी अक्षरं गडप. उरलेल्यांतलं एखादं चिकटायचं आणि सात-आठदा उमटायचं. माउसचा बाण जागीच थिजायचा, मग टुणकन भलतीकडे उडायचा.

देवळाला लागून असलेल्या खोलीत निलम ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम करी. समोर बाकावर वेवजी गावची बायजा आणि तिची लेक मयूरी बसल्या होत्या. मयूरीचा जातीचा दाखला त्याच दिवशी सकाळी हातात पडला होता. दाखल्यापायी मागचं वर्ष वाया गेलं होतं. यंदाही हुकलं तर मयूरीनं आईबरोबर चिकूच्या वाडीवर मजुरीला जायचं, हे घरात ठरून चुकलं होतं.

“बाय, तुजा तो डबा आजच रुसला काय गं?” बायजानं विचारलं.

“रुसू दे आत्या. मी त्याच्याहून हट्टी आहे.”

निलमनं कीबोर्डचे सेल बदलले. माउसचेही बदलले. मागच्या बाजूला खोचलेला तो नखाएवढा रिसीव्हर काढला, फुंकला, पुढं खोचला. शेजारची हार्ड डिस्क उपटली. मशीन बंद करून चालू केली. वायरवाला जुना कीबोर्ड उंदरांनी कधीच कुरतडला होता. फॉर्म मोबाईलवर उघडत नव्हता. तलासरीला जावं तर सप्ताहामुळे सगळ्या रिक्षा मांडवाबाहेर उभ्या आणि रिक्षावाले आत टाळ्या वाजवत बसलेले.

भिंतीपलीकडे सायवनच्या लाहूबुवांचं काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. बुवांची नारदाची गादी निलमच्या भिंतीला अगदी खेटून होती. बुवांच्या गालापाशी यंदा बिनवायरचा माईक आला होता. “बुवा आता टीव्हीवाले झाले,” असं म्हणून बायकांनी सकाळीच तोंडाला पदर लावला होता.

साडेअकरा झाले. मयूरी पडद्याकडे बघत होती. निलम एकेक कळ दाबत राहिली. आणि एकदम ओळच्या ओळ सरळ उमटली. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं. निलम हरखली. मग पुन्हा अक्षरं गळायला लागली.

तिनं हात उचलला आणि कान दिला. मघाशी टाळकरी चाल म्हणत होते, बुवा गप्प होते. आता बुवा बोलत होते. ती थांबली. पुन्हा टाळकऱ्यांनी चाल धरली. सेल वाचवायला बुवांनी माईकची खिट्टी बंद केली, कर्ण्यात टक् असं वाजलं. निलमनं घाईघाईनं कळा दाबल्या. एकही अक्षर गळालं नाही. टक्. बुवा बोलू लागले, अक्षरं गळू लागली.

“माझा कीबोर्ड हवेतनं बोलतो, आणि बुवांचा माईकसुद्धा,” ती मयूरीला म्हणाली. “दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतायत.”

ती उठली. मांडवाच्या तोंडाशी सदूकाका उभे होते. लाहूबुवांबरोबर गावोगाव हिंडणारे ते पखवाजी. हात दुखला म्हणून पखवाज घटकाभर दुसऱ्याला देऊन आले होते.

“खुळी का काय तू? काल्याच्या कीर्तनात बुवांना मधेच अडवतात का?”

“नाही अडवत, काका. माहीत आहे मला.”

आणि ती अडीच-तीनशे माणसांमधून वाट काढत गेली. कोणी पदर ओढला, कोणी “ए पोरी, बस खाली!” म्हणून ओरडलं. गादीपाशी पोचून तिनं वाकून नमस्कार केला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. माईक चालू होता, त्यामुळे ते आख्ख्या झरीनं ऐकलं.

लाहूबुवांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हात गळ्याकडे गेला. मग हसले.

“मंडळी, काल्यात ज्यानं त्यानं आपली शिदोरी घालायची असते. कुणाचं दही, कुणाच्या लाह्या. माझ्याजवळ आज हा माईक आहे. हा घातला.”

टक्.

त्यांनी माईक काढून उपरण्यात गुंडाळला आणि नुसत्या गळ्यानं आवाज चढवला. मागची माणसं सरकत सरकत गादीपर्यंत आली. भिंतीअलीकडे निलमची बोटं धावत होती. बाराला सहा मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. मयूरीनं पावती दोन्ही हातांनी धरली. बायजा पहिल्यांदाच रडली.

हंडी फुटली, काला वाटून झाला, तेव्हा तिघी पावती घेऊन बुवांच्या पायाशी गेल्या. बुवांनी भुवया उंचावून विचारलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

“बुवा, जरा मोठ्यानं बोला ना, काहीच ऐकू येत नाही,” निलम म्हणाली.

सदूकाकांनी मान खाली घातली. “आता नाही बोलायचे ते. गळ्याचं ऑपरेशन झालंय. एकदा जरी आवाज चढवला तरी उरलेला जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माईक त्यासाठी होता गं.”

मयूरीनं पावती बुवांच्या हातात दिली. बुवांनी ती कपाळाला लावली आणि तिला परत केली.

तर मायबाप, आज घरी गेल्यावर देवापुढं सांजवात लावाल, तेव्हा सायवनच्या लाहूबुवांची आठवण ठेवा, आणि त्यांचं नाव तेवढं मोठ्यानं घ्या.