मामांचा पांढरा

रंगाच्या दुकानात हातानं रंग मिसळणाऱ्या मामांचा पांढरा गेली पाच-सहा वर्षं नुसता गाजत होता. उतारवयात हाताला अशी जादू आली कुठून, याचं मालकांनाही नवल वाटायचं. मग मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला; आधी उजव्यातला काढून आत लेन्स बसवली. पट्टी सुटल्यावर मामा दुकानात आले आणि आपल्याच पांढऱ्यानं रंगवलेली तिथली भिंत बघून चपापले. हा कसला पांढरा? चक्क निळसर! मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसायचं, आणि ते पिवळेपण मारायला मामा डब्यात निळा घालत सुटले होते.

ओशाळून त्यांनी त्या दिवशी अस्सल पांढरा केला. संध्याकाळपर्यंत तीन डबे परत आले.

"मामा, हात बिघडला तुमचा," मालक तोंडावर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी नव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला आणि उरलेल्या डोळ्यानं रंग जुळवला.

मालकांनी डब्याचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा मामा! आता खरी नजर बसली लेन्सला. तो दुसरा डोळाही याच आठवड्यात करून टाका. खर्च दुकानाचा!"