थर्माकोलचं अंगण

एकोणनव्वद साली बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या आकाशपाळण्यांच्या बागेला आणखी जमीन हवी झाली. उरलेल्या वाडीसाठी अंगठा उठवायला आलेली सखुबाई कोळीण ऑफिसात मांडलेल्या नव्या बागेच्या मॉडेलवर वाकली.

मॉडेलमधल्या तळ्याकाठी तिचं घर होतं, पहिल्या जमिनीबरोबर पाडलेलं.

“साहेब, माझं घर ठेवलंत?”

“कुठलं घर, मावशी? तिथे पार्किंग आहे.”

अंगणात तिचंच लग्नातलं हिरवं लुगडं नेसून एक बोटभर नवरी बोंबील वाळत घालत होती. सखुबाईच्या डोळ्यांतून एक थेंब निसटला.

लग्नाच्या वर्षी, भर उन्हात, तिच्या हातावर असाच एक थेंब पडला होता. तिने चाखला, तर खारट. मग वर पाहून ती किंचाळली होती.

नवरीने हात जिभेला लावला आणि मान वर केली.