द्वेषाची नोंद

काळ्या चहाच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटले होते. लोर्ना टिबेट्स ते एकेक फुटताना बघत होती. कपाला तिने हात लावला नव्हता.

"सॉरी हं," समोर बसलेली पोलीस शिपाई कीली म्हणाली. "दूध हवं का, साखर किती, तुम्हाला विचारायचंच राहिलं. सार्जंटसाहेब परस्परच चहा ठेवून गेले. चालेल ना?"

"चालेल."

कीलीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. "म्हणजे रोज सकाळी रेल्वे स्टेशनबाहेर, चहाच्या रांगेत तो तुमच्या मागे उभा राहतो. घाणेरडं बोलतो. परवा फलाटापर्यंत मागे आला, अंगावर थुंकला. काही जुनं भांडण?"

"माझं नावही माहीत नव्हतं त्याला. एकटी बाई दिसली की झालं. माझ्याआधी एक शाळकरी मुलगी होती. तिने त्या गाडीने जाणंच सोडलं."

"मग स्त्रीद्वेषाचा गुन्हा म्हणून नोंदवू या. तुम्हाला तसं वाटतं, एवढं पुरे. नुसती छेडछाड लिहिली तर कागद तळाला जातो."

लोर्नाने बंद दाराकडे पाहिलं. आली तेव्हा ती आपणहून बोलत होती. आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"जाऊ दे. दमले मी. उद्यापासून बसने जाईन."

दार ढकलून सार्जंट ऑकली डोकावला. "काय पोरी, कादंबरी लिहितेयस की काय?"

"सर, यांचं ठरत नाहीये. द्वेषाची नोंद करायची की नाही."

"अगं, स्त्रीद्वेषाचा कायदा लंडनची संसद करेल तेव्हा करेल. आपल्या जिल्ह्याचे पोलीस आत्तापासूनच तशी नोंद करतात. सगळ्या ठाण्याला मीच शिकवलंय ना?" मग तो लोर्नाकडे वळला. आवाज मायेचा होता. "घाबरू नका बाई. फक्त नीट विचार करा. कोर्टात तेच तेच दहादा सांगावं लागतं. समोरच्याची नोकरीही जाते. चहा घ्या, गार होतोय."

लोर्नाने कप हळूच टेबलाच्या मध्यावर सरकवला.

"लिहा," ती कीलीला म्हणाली. "द्वेषाचा गुन्हा म्हणूनच लिहा."

कीलीने पेन उचललं. "त्याचं नाव?"

"नाव माहीत नाही. पण मी चहा बिनदुधाचा घेते, हे त्याला विचारावं लागत नाही."