पेपरमिंटची डबी

भातुकलीच्या पातेल्यात काहीतरी खुळखुळलं. शांत घरातला तो आवाज ऐकून मी डोकावले. लेक बाहुलीला पांढऱ्या गोळ्या भरवत होती.

गोळ्या मी लगेच ओळखल्या. सासूबाईंच्या पिंडदानासाठी सासरे यात्रेच्या बसने बद्रीनाथला गेलेत. तिथली हवा विरळ, त्यांची फुप्फुसं जुन्या आजाराने पोखरलेली. म्हणून डॉक्टरांनी या गोळ्या चढ लागण्याआधीच सुरू करायला सांगितल्या होत्या. डबी मीच भरून दिली होती.

“खाल्लीस का गं एखादी?”

“नाही. आजोबांनी या मला खेळायला दिल्या आणि डबीत माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या भरून नेल्या. म्हणाले, या गोळ्यांनी सारखी शू लागते, बायामाणसांसमोर बस किती वेळा थांबवू? आईला सांगू नकोस.”

आणि फोनवर रोज हसून सांगायचे, “घेतोय हो सूनबाई, अगदी चघळून!”

आज सकाळी वर पोहोचल्यावर मात्र हसले नाहीत. नुसती धाप ऐकू आली.

मी फोन लावला. पुन्हा लावला. बसवाल्यालाही लावला. कुणाचाच लागेना. मुठीतल्या गोळ्या घामाने चिकट झाल्या.

लेकीने माझी ओढणी धरली. “आई, मी गुपित फोडलं. आजोबा परत आल्यावर मला रागावतील का गं?”