बांधालगतची ओळ

शेवटचं काटेरी झुडूप आडवं झालं, तसा थोरलीने कोयता खाली ठेवला, मजुरांनी कुदळी. धाकट्या दिराचा उतार आता तळहातासारखा स्वच्छ दिसत होता. भाऊजी परगावाहून आले की तोंडात बोट घालतील, असं तिने मजुरांना दोनदा ऐकवलं.

घरामागची टेकडी दोघा भावांत अर्धी अर्धी वाटलेली. दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या वणव्यात ती सगळी जळाली. थोरलीची स्वतःची रोपवाटिका. तिने आपल्या भागात उगवेल ते तण उपटलं, ओळीने रोपं लावली, खांदे मोडेपर्यंत पाणी वाहिलं. धाकट्याने इकडची काडी तिकडे केली नाही. त्याच्याकडे आधी गवत माजलं, मग काटे. ते राहू द्या, त्यांच्या आडोशाने झाडं येतील, असं तो म्हणायचा. थोरलीने चारचौघांत त्याचं नाव आळशांचा राजा ठेवलं होतं. तिची बहुतेक रोपं करपली हे खरं, पण दोघांच्या मधल्या बांधालगतची एक ओळ तरारली होती. आल्यागेल्याला ती तेवढीच ओळ दाखवायची आणि मेहनतीचं फळ म्हणायची.

धाकटा त्याच दुपारी आला. खांद्यावरची पिशवी न उतरवताच झुडपांच्या ढिगापाशी बसला. काट्यांच्या मुळांबरोबर उपटून आलेलं बोटभर रोप त्याने उचललं. मग दुसरं, तिसरं. थोरलीने पानं ओळखली. वणव्याआधी टेकडीवर होती, तीच झाडं. पाखरांनी टाकलेल्या बिया काट्यांच्या सावलीत रुजल्या होत्या.

"मला सांगायचं तरी, भाऊजी."

"सांगितलं होतं, वहिनी. तुम्ही हसलात."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोपवाटिकेत रोज सकाळी कोवळ्या रोपांवर सावलीसाठी हिरवी जाळी ताणणारी बाई ती, आणि तिला एवढं कळू नये?

धाकटा उठून बांधाकडे गेला. ती खाली मान घालून मागोमाग गेली. तिच्या लाडक्या ओळीने माना टाकल्या होत्या. मावळतीकडचं ऊन धाकट्याच्या मोकळ्या उतारावरून थेट तिच्यावर पडलं होतं. या ओळीवर दुपारचं ऊन थोरली आज पहिल्यांदाच पाहत होती.

धाकट्याने तोडलेल्या झुडपांच्या चार काठ्या रोवल्या, पिशवीतून आपली चादर काढली आणि थोरलीच्या रोपांवर ताणून बांधली.