आर्डिसचे चार खण

सेहेचाळीस वर्षं व्हर्जिलच्या पिकअप गाडीवरच्या झोपायच्या केबिनमध्ये त्याचे गळ, बूट आणि कंदील ऐसपैस राहिले. त्याच्या बायकोचं, आर्डिसचं, सगळं सामान मात्र एका खोक्यात आणि ते खोकं तिच्या पायाशी. दक्षिणेच्या वाळवंटात फुलं फुलतात ती एकदा बघून येऊ, असं ती दर वसंतात म्हणे. तो "पुढच्या वर्षी नक्की" म्हणे आणि तिला माँटानातल्याच नदीवर मासे धरायला नेई.

यंदा अंगणातलं बर्फ पुरतं वितळायच्या आतच तिने केबिनमधला जुना पलंग उखडून काढला आणि नव्या पलंगाखाली प्लायवूडचे चार लांबलचक खण करायला घेतले.

"आत आलेले चाकांवरचे उंचवटे मोजलेस का, सुतारीणबाई?" व्हर्जिलने खुर्चीतूनच विचारलं. "नाहीतर तुझे खण अंगणातच राहायचे!"

"दोनदा मोजलेत. तू आपली कॉफी पी."

"आणि एवढ्या खणांत ठेवणार तरी काय?"

"सेहेचाळीस वर्षं त्या खोक्यात मावलं नाही ते."

चौथ्या दिवशी शेवटचा खणही अलगद आत सरकला. तेव्हा कुठे व्हर्जिल उठला आणि गळांची पेटी घेऊन गाडीपाशी आला.

"झकास झालंय हं! बरं, यातला माझा कुठला?"

आर्डिसने हातावरचा भुसा झटकला.



"घरातले सगळे तुझेच. मी फुलं बघून मे महिन्यात येते परत."